राजधान्यांचा आकार मोजायचा कसा? नागपूरच्या वादातून सुटणारा एक हिशेब

डिसेंबरमधलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत होतात, रविभवन आणि आमदार निवासाची डागडुजी सुरू होते, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघू लागतात. त्याच दिवसांत शहरभर एक जुना वाद नव्याने रंगतो. नागपूर खरंच राजधानीच्या तोलाचं शहर आहे का? कुणी म्हणतं, भोपाळ आपल्यापेक्षा लहान, तरी ते राजधानी. कुणी म्हणतं, पुणे आपल्यापेक्षा मोठं, तरी उपराजधानीचा मान आपल्याला. मग फोन निघतात, आकडे वाचले जातात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो.

गंमत नाही, हे सगळे आकडे बरोबर असू शकतात. शहराचा आकार ही उंचीसारखी एकदा मोजून लिहून ठेवायची गोष्ट नाही. आणि आता तर हा प्रश्न नुसत्या वादापुरता उरलेला नाही. २०११ नंतर थेट २०२७ ची जनगणना होते आहे. बहुतांश देशासाठी तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की शहरांची नवी क्रमवारी सगळीकडे झळकेल. त्या याद्या वाचायच्या कशा, हे त्याआधीच समजून घ्यायला हवं. सोळा वर्षांनी मिळणारे आकडे चुकीच्या भांडणात वाया जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

### राजधानी म्हणजे राज्यातलं सगळ्यांत मोठं शहर, असंच ना?

नाही. महाराष्ट्रात, बंगालमध्ये, तामिळनाडूत, कर्नाटकात, तेलंगणात तसं आहे, म्हणून आपल्याला तो नियम वाटतो. पण गुजरातकडे बघा. राजधानी गांधीनगर, लोकसंख्या दोन-तीन लाखांची. शेजारचं अहमदाबाद २०११ मध्येच ५५ लाखांच्या पुढे होतं. मध्य प्रदेशात इंदूर भोपाळपेक्षा मोठं आहे. नागालँडची राजधानी कोहिमा, पण दिमापूर तिच्याहून मोठं. पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची मिळून एकच राजधानी, चंदीगड. ते स्वतः केंद्रशासित आहे आणि लुधियाना, फरिदाबाद ही दोन्ही शहरं लोकसंख्येत त्याच्या पुढे आहेत.

सर्वांत बोलका दाखला गोव्याचा. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या होती जेमतेम ४० हजार. आपल्याकडे नगर परिषदेचं एखादं तालुक्याचं गावही तेवढं असतं. शिवाय गोव्याची विधानसभा पणजीत भरतच नाही. ती मांडवीच्या पलीकडे पर्वरीत आहे. राज्य त्यामुळे अडलेलं नाही.

अमेरिकेत तर हे अधिक ठळक दिसतं. तिथल्या ५० राज्यांपैकी फक्त १७ राज्यांत राजधानी हे सगळ्यांत मोठं शहर आहे. न्यूयॉर्क राज्याची राजधानी न्यूयॉर्क शहर नाही, आल्बनी आहे. तिची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास, तर न्यूयॉर्क शहराची २०२० मध्ये ८८ लाख.

आपल्या राज्यघटनेत राज्याची राजधानी किती मोठी असावी याबद्दल एक ओळही नाही. कुठे जुन्या संस्थानाची गादी होती, कुठे इंग्रजांचं बंदर होतं, कुठे दोन मोठ्या शहरांच्या भांडणातून तिसऱ्याचं नाव निघालं, तर कुठे चंदीगड आणि भुवनेश्वरसारखं शहर स्वातंत्र्यानंतर आखून वसवलं गेलं. राजधानी ठरते ती इतिहासाने आणि तडजोडीने.

### मग एकाच शहराचे दोन आकडे का?

नागपूरच्या महाल भागातला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. तीन भाऊ, तीन चुली, तीन शिधापत्रिका. आंगण एक, विहीर एक, दिंडी दरवाजा एक. शिधापत्रिका पाहिली तर कुटुंब चौघांचं. वाडा पाहिला तर तेरा माणसांचं. दोन्ही खरं.

शहराचंही असंच आहे. महापालिकेची हद्द म्हणजे शिधापत्रिका. ती कागदावर आखलेली असते. पण घरं, दुकानं, कारखाने त्या रेषेपाशी थांबत नाहीत. म्हणून जनगणना दुसरा एक आकडाही देते, त्याला नागरी समूह म्हणतात: मुख्य शहर आणि त्याला सलग लागून असलेली इतर शहरं व वस्त्या, मधली प्रशासकीय रेषा कुणाचीही असो. हा झाला आख्खा वाडा.

आता २०११ चे आकडे या नजरेने पाहा. मुंबई महापालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख माणसं. मुंबई नागरी समूहात १ कोटी ८४ लाख, कारण त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर वगैरे येतात. कोलकात्यात फरक याहून मोठा. शहर ४५ लाखांचं, समूह १ कोटी ४१ लाखांचा. म्हणजे कोलकात्यातल्या दर तीन माणसांपैकी दोन माणसं कोलकाता महापालिकेत राहतच नाहीत. ती हावडा आणि आसपासच्या शहरांत राहतात. नुसता पहिला आकडा पाहिला तर २००१ ते २०११ या काळात कोलकाता चक्क थोडंसं आटलेलं दिसतं.

आणि नागपूर? महापालिकेत २४ लाख ५ हजार, समूहात २४ लाख ९७ हजार. फरक लाखाचाही नाही. २०११ मध्ये नागपूर जवळजवळ सगळंच्या सगळं आपल्या रेषेच्या आत होतं. आज तसं राहिलेलं नाही, त्याकडे पुढे येतो.

### एवढ्याने क्रमवारी बदलते का?

बदलते, आणि कधी कधी पार उलटते. केरळ घ्या. शहराच्या हद्दीने मोजलं तर तिरुवनंतपुरम ही राजधानी राज्यात पहिली. नागरी समूहाने मोजलं तर कोची पहिलं येतं, २१ लाखांच्या पुढे. त्यानंतर कोळिकोड, त्रिशूर, मलप्पुरम. तिरुवनंतपुरम पाचवं. एकच राज्य, एकच जनगणना, एकच दिवस. उत्तर प्रदेशातही तेच: हद्दीने लखनऊ पुढे, समूहाने कानपूर काकणभर सरस.

ईशान्येकडे वेगळीच अडचण. आसामची राजधानी म्हणून शाळेत आपण दिसपूर पाठ करतो. पण दिसपूर हा गुवाहाटीचाच एक भाग आहे. दिसपूरची म्हणून लोकसंख्या शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आकडा गुवाहाटीचाच घ्यावा लागतो.

म्हणून कुणी दोन राजधान्यांची तुलना केली की पहिला प्रश्न हा विचारायचा: दोघांसाठी एकच माप लावलंय का? एकाचं शहर आणि दुसऱ्याचा समूह, अशी सरमिसळ याद्यांमध्ये सर्रास असते.

### लोकसंख्या सोडा, क्षेत्रफळ तर पक्कं असतं ना?

क्षेत्रफळ त्याहून फसवं. अलास्काची राजधानी जुनो. क्षेत्रफळ जवळपास ८,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्यापेक्षा थोडंच कमी. माणसं मात्र २०२० मध्ये सुमारे ३२ हजार. बाकी सगळे डोंगर, हिमनद्या, जंगल आणि पाणी, पण कागदावर ती शहराची हद्द.

आपल्याकडे जुनोइतकं टोक नाही, पण रेषा सरकवण्याचं काम जोरात चालतं. बंगळूरची महापालिका २००७ मध्ये आसपासची सात-आठ शहरं आणि शंभरावर खेडी पोटात घेऊन २२६ चौरस किलोमीटरवरून ७०० च्या पुढे गेली. चेन्नई २०११ मध्ये १७४ वरून ४२६ वर गेली. पुण्याने २०१७ पासून दोन टप्प्यांत ३४ गावं घेतली, त्यातली दोन पुढे पुन्हा वेगळी झाली. नागपूरचं क्षेत्रफळ २०११ नंतर २१७ वरून २२७ चौरस किलोमीटरपर्यंत गेलं, तेही हुडकेश्वर-नरसाळा जोडल्यामुळे.

याचा परिणाम वाढीच्या टक्क्यांवर होतो. बंगळूर शहर २००१ मध्ये ४३ लाखांचं होतं, २०११ मध्ये ८४ लाखांचं झालं. दहा वर्षांत दुप्पट! पण नागरी समूह पाहिला तर ५७ लाखांवरून ८५ लाख, म्हणजे निम्म्याने वाढ. ही वाढही प्रचंडच आहे. तरी उरलेली वाढ माणसांची नव्हती, रेषेची होती. जे लोक आधीपासून तिथेच राहत होते, त्यांचा पत्ता फक्त बदलला. नागपूरची त्याच दशकातली वाढ कुठल्याही मापाने सुमारे १७ टक्के येते, कारण आपली रेषा तेव्हा हलली नव्हती. बंगळूरचे ९६ टक्के आणि नागपूरचे १७ टक्के शेजारी मांडून ‘नागपूर थांबलं’ म्हणणं हा नागपूरवर अन्याय आहे.

### राजधानी झाल्यामुळे शहर वाढतं का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याचं उत्तर शोधायला नागपूरइतकं चांगलं उदाहरण देशात क्वचितच मिळेल. कारण राजधानीपद हातून गेलेलं मोठं शहर आपलं आहे.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळालं. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश नावाचं जे राज्य बनलं, त्याचीही राजधानी नागपूरच. मग १ नोव्हेंबर १९५६ आलं. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती स्वीकारली गेली नाही. नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, उच्च न्यायालय जबलपूरला गेलं आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ उरलं.

तेव्हाचं भोपाळ कसं होतं? १९५१ च्या जनगणनेत लाखभर वस्तीचं. ते साधं जिल्ह्याचं ठिकाणही नव्हतं. सिहोर जिल्ह्यात मोडत होतं आणि भोपाळ जिल्हा झाला १९७२ मध्ये. त्याच १९५१ साली नागपूर साडेचार लाखांचं होतं, म्हणजे चौपटीहून मोठं. साठ वर्षांनी, २०११ मध्ये, भोपाळ १८ लाख आणि नागपूर २४ लाख. भोपाळ सुमारे अठरा पट झालं, नागपूर सव्वापाच पट.

सगळं श्रेय राजधानीपदाला देता येणार नाही. भोपाळला त्याच काळात ‘भेल’चा अवाढव्य कारखाना मिळाला, शहराच्या हद्दीही वाढत गेल्या, आणि लहान आकड्याची पट नेहमी मोठी दिसते. तरीही सचिवालय, विधानसभा, प्रत्येक खात्याचं मुख्यालय, त्यांचे कर्मचारी, त्यांची घरं, मुलांच्या शाळा, कामासाठी येणारे कंत्राटदार आणि वकील, त्यांच्यासाठी हॉटेलं, विमानं, छापखाने हे सगळं बारमाही एका ठिकाणी राहिलं तर शहराला केवढी ओढ लागते, हे भोपाळने दाखवलं आहे.

नागपूर तरी कोसळलं नाही, याची कारणंही समजून घ्यायला हवीत. दोन मोठे लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात, भोवती कोळसा आणि मँगनीज आहे, संत्री-कापसाची बाजारपेठ आहे, मेडिकलमुळे, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयामुळे, मध्य भारतातून रुग्ण येतात. शिवाय जुन्या राजधानीचा वारसा म्हणा किंवा मध्यवर्ती जागेचा फायदा म्हणा, बरीच कार्यालयं इथे आहेत: रिझर्व्ह बँक, महालेखापाल, भारतीय खाण ब्युरो, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, वेकोलि ही कोळसा कंपनी. राजधानी गेली, पण राजधानीसारखं काम करणारी बरीच यंत्रणा इथे टिकली किंवा नव्याने आली. या यंत्रणेचं मोल आपण अधिवेशनाच्या गोंगाटात विसरतो, याचं वाईट वाटतं.

### आपण उपराजधानी आहोत, ते काय मग?

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. विदर्भाने संयुक्त महाराष्ट्रात यावं म्हणून दोन्हीकडच्या नेत्यांनी केलेला हा राजकीय करार. त्यात म्हटलं होतं की सरकार दरवर्षी ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल. राज्यघटनेच्या १७४ व्या कलमानुसार राज्यपाल विधिमंडळाला योग्य वाटेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी बोलावू शकतात, त्यामुळे दुसऱ्या शहरात अधिवेशन भरवायला घटनेची आडकाठी नाही. कर्नाटकाचं बेळगावातलं अधिवेशन, हिमाचलचं धर्मशाळेतलं अधिवेशन याच वाटेने होतं.

करारातली दोन वाक्यं वेगळी आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. एक अधिवेशनाचं, दुसरं सरकारनेच काही काळ इथे मुक्काम हलवण्याचं. पहिलं बहुतेक पाळलं गेलं; २०२० आणि २०२१ मध्ये करोनाकाळात हिवाळी अधिवेशन मुंबईतच झालं, तसा अधूनमधून खंड पडला. दुसऱ्याचं स्वरूप मात्र अधिवेशनापुरतंच उरलं आहे आणि अधिवेशन अलीकडे आठवड्याभरातही संपतं. मंत्री आले, फायली आल्या, मोर्चे झाले, फायली परत गेल्या. कराराचा हेतू एवढाच होता असं मला वाटत नाही.

### पुणे मोठं असताना उपराजधानी नागपूर का?

कारण तो करार आकारावर बेतलेलाच नव्हता. २०११ मध्ये पुणे शहर ३१ लाखांचं होतं, नागपूर २४ लाखांचं. आज फरक वाढलाही असेल. पण नागपूरचं स्थान ठरलं ते जुन्या राजधानीचं पद सोडून एक मोठा प्रदेश दुसऱ्या राज्यात आला म्हणून, आणि इथून मुंबई आठशे किलोमीटरवर आहे म्हणून. गडचिरोलीच्या माणसाला मंत्रालय गाठायचं तर तो प्रवास आणखी लांबतो. पुणेकर सकाळी निघून संध्याकाळी घरी परततो.

उलट आकाराचाच युक्तिवाद करायचा झाला तर नागपूर त्यातही कमी पडत नाही. २०११ च्या शहरी हद्दीच्या आकड्यांत राज्यांच्या राजधान्यांमध्ये नागपूरपेक्षा मोठ्या फक्त सात होत्या: मुंबई, बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, जयपूर, लखनऊ. पाटणा, रायपूर, रांची, भुवनेश्वर सगळी मागे. सिक्कीम, मिझोराम, अरुणाचल, गोवा आणि नागालँड या पाच राज्यांपैकी प्रत्येकाची संपूर्ण लोकसंख्याही नागपूर शहरापेक्षा कमी होती.

### या आकड्यांनी माझ्या घरात काय फरक पडतो?

पगारात पडतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावरून ठरतो. ५० लाखांवरची शहरं ‘एक्स’ वर्गात, ५ ते ५० लाख ‘वाय’, त्याखाली ‘झेड’. आणि इथे माप नागरी समूहाचं लागतं. पुणे महापालिका ३१ लाखांची, पण पिंपरी-चिंचवड धरून पुणे समूह २०११ मध्ये ५० लाखांच्या किंचित वर गेला आणि पुणे ‘एक्स’मध्ये पोचलं. नागपूर ‘वाय’. सध्या ‘एक्स’ला मूळ वेतनाच्या ३० टक्के, ‘वाय’ला २० टक्के. एकाच पदावरच्या दोन कारकुनांच्या हातात पडणारी रक्कम अशी रेषेने ठरते.

अनुदानातही पडतो. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या नागरी समूहांसाठी हवा, पाणी आणि स्वच्छता यांचा वेगळा निधी ठेवला, तो समूह पाहूनच.

आणि सर्वांत जास्त पडतो तो रेषेवर राहणाऱ्यांना. बेसा, बेलतरोडीकडे गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती पाहा. वाडी पाहा, हिंगणा रस्त्यावरचं डिगडोह पाहा. ही माणसं नोकरीला सीताबर्डीत, शाळेला धरमपेठेत, दवाखान्याला धंतोलीत येतात. पण ती महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांचं पाणी, कचरा, गडरलाइन यांची जबाबदारी लहान नगर पंचायत, नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीवर पडते आणि आराखडा नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हातात असतो. त्या प्राधिकरणाचं क्षेत्र साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून अधिक. २०११ मध्ये शहर आणि समूह यांत लाखाचाही फरक नव्हता. २०२७ मध्ये तो किती निघतो, हा आकडा मला नागपूरच्या क्रमांकापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. त्यावरून कळेल की किती माणसं नागपुरात जगतात, पण नागपूर महापालिकेच्या पाण्याच्या आणि बसच्या हिशेबात धरली जात नाहीत.

तेव्हा २०२७ चे तक्ते हाती आले की आधी तीन रकाने शोधा: महापालिकेची लोकसंख्या, नागरी समूहाची लोकसंख्या आणि २०११ नंतर हद्द बदलली की नाही. बेसा-वाडीकडे राहत असाल तर आपली वस्ती समूहात धरली आहे की वेगळी मोजली आहे तेही पाहा, आणि ती वेगळी असेल तर पुढच्या पाणीयोजनेच्या सुनावणीला तो कागद सोबत न्या.